बाबांच्या उशाशी माईक

चिन्मय,

बाबांना मी लासूरला आत्याकडं घेऊन जातेय. संध्याकाळी टँकर येईल, ड्रम भरून घे.

जुनी गाणी त्यांना स्वच्छ ऐकू यावीत म्हणून तू कॉम्प्युटरला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे स्पीकर-माईक जोडायचा तो डबा, लावलास. तरी आवाज चिरकाच येतोय, म्हणून आज मागं बघितलं. गाणी अजून कॉम्प्युटरच्याच स्पीकरवर वाजतायत. तुझ्या त्या डब्याला जोडलाय फक्त माईक, तोही बाबांच्या उशाशी, पडद्यामागं. आई गेल्यापासून ते तिच्याशी बोलतात, हे तुला कुणाला ऐकवायचंय? डॉक्टरांना, की फ्लॅटचे कागद करणाऱ्या वकिलांना?

कालचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. बाबा म्हणतायत, "सरोजिनी, हळू बोल. चिन्मय ऐकतोय."

ताई