सगळं माझ्याच नावावर

सोम. ३ जून
पाठ धरली परत. सकाळपासून लातूरच्या क्लासवाल्यांचे पेपर. मराठी प्रश्न, गणिताची सूत्रं नीट छापणारा आमचा प्रोग्रॅम फुकट हाय, कोड सगळ्यांना खुला. पुणे-सोलापूरची पोरं भर घालतात, पण निम्म्याहून जास्त काम इथलं, नांदेडच्या माझ्या डीटीपीच्या दुकानातलं. माझ्याकडं कामाला असलेल्या रझियाचं. सहा वर्षं. तिला हैदराबादच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय. तिचं काम बघणारेत. आनंद झाला. ती गेली तर मी...

मंगळ. ४
रझियानं गिटमधली, म्हणजे आमचा कोड ठेवतो तिथली यादी उघडली. कोणता बदल कोणी केला, नावानिशी. खालपासून वर माझंच नाव. दुकानात कॉम्प्युटर एकच, पहिल्या दिवशी मी माझं नाव टाकलेलं.
"सर, ह्यात मी हायच न्हाई."
माझ्या ध्यानात आलं नव्हतं, असं सांगितलं तिला. खोटं. पुण्याच्या निखिलनं मागं लिहिलं होतं, सर, तुम्ही झोपता कधी? तिचं कामही माझ्या नावावर दिसतंय, हे तेव्हाच कळलं होतं. गप बसलो. गोड वाटलं होतं. लाज वाटते.

गुरु. ६
निखिलला फोन. प्रोग्रॅम तोही सांभाळतो. म्हणे, जुनी नावं बदलली की सगळ्या नोंदी नव्या होतात, प्रत्येकाला आपली कॉपी टाकून नवी घ्यावी लागेल. त्यापेक्षा काम तिचं असल्याचं तिला पत्र द्या.
पत्र! भूकंपात घर गेलं तेव्हा नव्या घरांच्या यादीत वडलांच्या, अण्णांच्या जागी चुलत्याचं नाव पडलं. अण्णांकडं पत्रं लई होती.

शनि. ८
दोघं बसलो. एकेक बदल, तुझा का माझा. एकावर मी अडून बसलो. तिनं तारीख दाखवली, त्या आठवड्यात मी लोह्याला, भाचीच्या लग्नात. जेवायच्या आत माझे बदल संपले, उरलेले सगळे तिचे.

रवि. ९
सगळ्यांना कळवलं, चूक माझी, जुनी कॉपी टाकून नवी घ्या. दुपारी नव्या नोंदी चढवल्या. रझिया चहा न पिता वाचतच राहिली.

सोम. १०
ती सकाळच्या गाडीनं गेली. अकराला बघतो तर सोलापूरच्या एकानं निरोप न वाचता आपली जुनी कॉपी नव्यात मिसळून चढवली. आता प्रत्येक काम दोनदा दिसतंय, एकदा तिच्या नावानं, एकदा माझ्या. निखिल म्हणतो, निस्तरायला दोन दिवस. मुलाखत आज दुपारी तीनला.
फोन करून सांगितलं. म्हणाली, "कोणाचं नाव खरं विचारलं, तर तुमचा नंबर देऊ?"
हाव, दे म्हटलं. दोनपासून फोन समोर ठेवलाय. पेपर तसेच पडलेत. साडेचार झाले, अजून वाजला न्हाई.