भाजी घ्यायला आले होते

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
२८ डिसेंबर २०२४

चि. शिवकुमार यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अव्वा तुझ्याकडे नांदेडला सुखरूप पोचली, हे तुझ्या फोनवरून कळलं. आपली आई पिशवी घेऊन माझ्या घरातून निघून जाते आणि मला ते संध्याकाळी कळतं, यावरूनच माझ्या घराची तऱ्हा तुझ्या लक्षात येईल. काय झालं म्हणून तू विचारलंस, तर मी नंतर सांगते म्हणाले. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि अव्वा शेजारी बसलेली. तिच्यादेखत हे सांगायला मला तोंड नाही. म्हणून लिहिते.

आप्पा गेल्यावर मीच हट्टाने तिला इकडे आणलं. म्हटलं, जन्मभर राबली, आता बसून खाऊ दे. कपड्यांना मशीन, स्वयंपाकाला बाई, लागेल ते पार्सलने दारात. मी पहाटे उठते, क्लासमध्ये बायॉलॉजीच्या तीन बॅचेस घेते, मधल्या वेळात तुझे दाजी मला ॲडमिशनवाल्या पालकांपुढे नेऊन बसवतात. गेल्या वर्षभरात मी गरम चहा प्यायल्याचं आठवत नाही. अव्वा दुपारी काय करते, हे विचारायला मला सवड झाली नाही. झोपत असेल, असं धरून चालले.

परवा उदगीरकडचे काही पालक क्लास बघायला आले होते. त्यांना घेऊन मी गेटबाहेर आले. समोर चौकात आपल्या क्लासचा मोठा बोर्ड आहे, माझ्या फोटोचा. त्याखाली एक भाजीवाली बसते. तिच्या शेजारी, पोत्यावर, मांडी घालून आपली अव्वा! येळवशीची अमावस्या तोंडावर आलेली, त्या दिवशीच्या भज्जीला लागणाऱ्या सोल्यांना, सोललेल्या हिरव्या दाण्यांना, गिऱ्हाईक भरपूर. अव्वा तुरीच्या शेंगा सोलत होती. पालकांमधल्या एका बाईंनी भाव विचारला आणि अव्वाने तो सांगितला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर तू मला सावरून घेशील. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले की घरात तुला खायला कमी पडतं का, म्हणून रस्त्यावर बसून माझी अब्रू विकतेस? ती काहीतरी पुटपुटली. मी ते ऐकायला थांबलेच नाही, पालकांकडे वळले. जाता जाता वॉचमनला सांगितलं की आपल्या बोर्डाखाली यापुढे कुणी बसता कामा नये. मग पालकांना लॅब दाखवली. प्रसंग छान निभावला, असंच त्या वेळी वाटत होतं.

ती जेवते का, बोलते का, तेवढं कळव. तुला आणि आरतीला जोडीने आशीर्वाद. बहिणीवर चिडलास तरी चालेल, पण पत्र टाक.

तुझी,
अक्का

•

नांदेड,
२ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी पोस्टमनला चहा पाजला. माझ्या नावे बँकेच्या नोटिशीशिवाय काही येऊ शकतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. अक्षर मात्र अगदी डॉक्टरणीचं झालंय तुझं. आरती आणि मी मिळून लावलं.

आता ऐक. सोमवारी येळवशीला आम्ही सगळे कंधारला शेतावर गेलो. कडब्याची कोप उभी केली, पांडवांची पूजा केली, भज्जी, आंबील, उंडे, सगळं साग्रसंगीत. शेजारच्या रानातल्या बायका अव्वाला जेवायला ओढायला आल्या, ती गेली नाही. पानात भज्जी वाढली तर बाजूला सारली. जी बाई येळवशीच्या भज्जीसाठी चार महिने आधी बोलायला लागते, तिने भज्जी सोडली! घरी आरतीने निवडायला म्हणून मेथीची जुडी पुढ्यात ठेवली, तर हात पदराखाली घेतले आणि देवघरात जाऊन बसली.

अक्काचा राग आला का, असं मी सरळ विचारलं. तर म्हणाली, तिचा कशाला येईल, तिचं काय चुकलं. आणि वर म्हणते, लातूरला परत जाणार न्हाई, तिथं तोंड दाखवायला जागा न्हाई मला. मला काही उलगडा होईना.

तू शेकडो पोरांना काळजाचे कप्पे शिकवतेस आणि घरात एक काळीज वर्षभर दुपारी तुझी वाट बघत बसलं होतं, ते तुला दिसलं नाही. लागलं का? लागू दे. मलाही लागलं. रेल्वेच्या ऑफिसातून आलो की मी मोबाइल घेऊन आडवा होतो. ती इकडे येऊन आठवडा होत आला, तिच्याजवळ बिनकामाचा म्हणून मी अजून बसलेलो नाही. तेव्हा तुला शिकवायला मी कोण?

तूच तिला लिही. फोन दिला की हाव, बरं हाय म्हणते आणि आरतीच्या हातात देते. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही. दाजींना नमस्कार.

तुझा, तुझ्याच हातचे धपाटे खाऊन मोठा झालेला,
शिवा

•

लातूर,
६ जानेवारी २०२५

ती. अव्वास,
अंबिकाचा शि. सा. न.

कशी सुरुवात करू कळत नाही. मी चुकले. परक्या माणसांसमोर मी माझ्या आईला असं बोलले, जसं मी ऑफिसातल्या शिपायालाही बोलत नाही. त्या दिवसापासून बोर्डावरच्या माझ्याच फोटोकडे मला बघवत नाही. गाडी मागच्या रस्त्याने काढते.

तू परत ये. तुला शेंगा सोलायला आवडतं हे मला माहीत नव्हतं. बाल्कनीत चांगलं ऊन येतं, तिथे तुला सतरंजी टाकून देते. गंजगोलाईच्या बाजारातून रोज शेंगांचं पोतं मागवू, हव्या तेवढ्या सोल. खाणार कोण, हा प्रश्न आपण नंतर बघू.

तू रागाव, पण ये. स्वयंपाकाच्या बाईसुद्धा तीनदा विचारून गेल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अंबिका

•

॥ श्री सिद्धरामेश्वर ॥

नांदेड,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. अंबिकास,
रत्नम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आरती वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, न्हाई, माझी मी वाचते, सातवी पास हाय. चष्मा लावून दोनदा वाचलं.

पोरी, तू बोललीस ते मी मनावर घेतलेलं नाही. मीही तुला लहानपणी कंधारच्या भर बाजारात धपाटा घातला होता, तेव्हा तू काही घर सोडून गेली नव्हतीस. बाल्कनीतल्या पोत्याचं मात्र हसू आलं. शेंगांचं काय एवढं? शेंगा कुठंही सोलता येतात.

पहिल्या दिवशी मी खरंच कोथिंबीर आणायला गेले होते. त्या बाईचं नाव गुणाबाई. मुरूडकडून बसने येते. नीट बघून घ्या म्हणाली आणि पोत्यावर जागा करून दिली. मग रोजच जायला लागले. पाठीवर ऊन, हातात शेंग आणि तोंडात येईल ते बोलणं. तिच्या सुनेचं, माझ्या गुडघ्याचं, तुझ्या आप्पांचं. तिच्या फडक्यातली भाकरी दोघीत, एक चहा दोघीत. तुझ्या घरात मला कशाची वाण नव्हती, पण तिथं दुपार सरता सरत नव्हती, आणि तिच्या पोत्यावर उन्हं कधी कलली ते कळायचं नाही. वर तुझा फोटो. घरातली अंबिका सारखी घाईत, वरची निवांत हसते. तिच्याखाली बसलं की लेक जवळ आहे असं वाटायचं. हे तुला टोचायला लिहीत नाही. टोचलं तर सोडून दे.

आता मी काय केलं ते ऐक. तू ओरडलीस तेव्हा मी पुटपुटले ते तुझ्या कानावर गेलं नाही. मी म्हणाले, मी हिला वळखत न्हाई, मी भाजी घ्यायला आले होते. जिच्या भाकरीतली अर्धी भाकर रोज खाल्ली, तिला तिच्यासमोर मी ओळखत नाही म्हणाले. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्या भारी साड्यांतल्या बायकांपुढे मलाही लाज वाटली, हे देवाला माहीत आहे. गुणाबाईने वर पाहिलंसुद्धा नाही. अर्धा किलो सोले तोलले, माझ्या पिशवीत घातले आणि गिऱ्हाइकाला मागावे तसे पैसे मागितले. माझं खोटं खरं दिसावं म्हणून. ते सोले मीच सोललेले होते. मी पैसे दिले. अंबिका, देताना हात झडला असता तर बरं झालं असतं.

मी तुझ्या घरातून पळाले नाही गं, त्या चौकातून पळाले. दारातून पाऊल बाहेर टाकलं की ती समोर बसलेली, मग कुठं बघू?

एवढं माझं काम कर. तिला जाऊन सांग की रत्नम्मा खोटं बोलली, आणि तिला त्याची लाज वाटते. ती काय म्हणते ते कळव. माझं येणं त्यावर आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. वेळेवर जेवत जा, आणि चहा गरम असताना पी.

तुझी,
अव्वा

•

लातूर,
१७ जानेवारी २०२५

ती. अव्वास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं काम केलं, आणि धड केलंही नाही. सगळं सांगते.

आधी तुझ्यापासून लपवलेलं सांगते. त्याच दिवशी मी वॉचमनला सांगून गुणाबाईला तिथून उठवलं होतं. तू तिच्या नजरेला भिऊन नांदेडला गेलीस आणि इकडे तिची जागा मीच रिकामी केली होती. वॉचमन म्हणाला, ती आता गंजगोलाईकडे बसते. काल दुपारची बॅच सोडून गेले. एका गल्लीच्या तोंडाशी, उन्हाचा कवडसाही नाही अशा गारठ्यात ती बसलेली दिसली. मला पाहिलं आणि तिने पोतं गुंडाळायला घेतलं. इथूनही उठवायला आले, असंच तिला वाटलं. अव्वा, त्या क्षणी मला मान वर करवेना.

मी तिला म्हणाले की मी रत्नम्माची लेक. अव्वा त्या दिवशी खोटं बोलली, तिला त्याची लाज वाटते, आणि मी तर तिच्याहून वाईट वागले. गुणाबाईने मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली की आपन कुन्या रत्नम्माला वळखत न्हाई, बाई. एक म्हाताऱ्या यायच्या, भाजी घ्यायच्या अन् जायच्या. बसत नव्हत्या कदीच. त्यांला घरात काई बोलू नका.

तू तिला ओळख दिली नाहीस, आणि ती अजून तुला माझ्यापासून सांभाळते आहे.

मी तिथेच खाली टेकले. ती बघत राहिली. थोड्या वेळाने पोत्याची कड माझ्याकडे सरकवली. मी शेंगा सोलायला घेतल्या. पर्समध्ये फोन वाजत होता, वाजू दिला. चहा आला, तिने अर्धा माझ्यापुढे केला, आणि तो मी गरम गरम प्यायले. सोलता सोलता तिने विचारलं, गुडगा कसा हाय त्यांचा. विचारलं आणि चटकन तोंडावर पदर धरला. मला हसू आलं, मग तिलाही आलं. कुणाला दाखवायला नव्हे, काही मिळवायला नव्हे, असं मी कितीतरी दिवसांनी हसले. मनात म्हटलं, आज अव्वाला पत्र टाकायचं की सगळं सुरळीत झालं, बॅग भर.

तेवढ्यात समोर कुणीतरी थांबलं. माझ्या एका विद्यार्थिनीची आई. मॅडम, तुम्ही इथं खाली कशा, असं त्यांनी विचारलं. आणि अव्वा, मी उभी राहिले, साडी झटकली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की भाजी घ्यायला आले होते.

गुणाबाईने तराजू उचलला. अर्धा किलो सोले तोलले, पिशवी माझ्यापुढे धरली आणि पैसे मागितले. मी दिले.

तुझं पत्र मी पाठ होईस्तोवर वाचलं होतं. तरी दिले. घरी येऊन तुझ्या जावयांना, अमरेशना, सगळं सांगितलं, तर त्यांनी मला एकटीला बसू दिलं.

ती रागावलेली नाही. रागावली असती तर सोसलं असतं. वॉचमनला आज सांगितलं आहे की बोर्डाखालची जागा गुणाबाईची, पण तो निरोप घेऊन तिच्यासमोर जायला माझे पाय उचलत नाहीत. एकटीने गेले तर कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि मी पुन्हा तेच बोलेन, अशी मला भीती वाटते. तू ये. दोघी जाऊ, दोघी तिच्यासमोर उभ्या राहू, आणि कुणीही विचारलं तरी खरं सांगू. एक डगमगली तर दुसरीने बोलायचं.

उत्तर लिहीत बसू नकोस, शिवाला सांगून सकाळची बस पकड.

तुझ्याच वळणावर गेलेली,
अंबिका