सूर्यकाटा कोणी ढकलला?

२१ सप्टेंबर, सोमवार

सुरुवातीलाच माफी. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि टायपिंग एका बोटाने, ते पण शोधून शोधून. शाळा सोडली तेव्हा दोन्ही शिकायचं राहून गेलं. हे कोणी वाचणार नाहीये, मग माफी कोणाची मागतेय काय माहीत. मागून ठेवलेली बरी. वहीत लिहिणार होते, पण वही युगेट आत्या उघडेल. लॅपटॉपला पासवर्ड आहे.

मी ओरियान, वय सतरा. मार्चपासून लुग्रां मालकांच्या घड्याळांच्या कारखान्यात ट्रायलवर. कारखाना म्हणजे फ्रान्सच्या सीमेजवळच्या ल साँतिये गावातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरची एक लांब खोली, तीन बेंच, आणि खिडक्याच खिडक्या. मालक, मी, आणि जूनपासून नादेज.

ऑक्टोबर संपला की मालक ठरवणार, मला शिकाऊ म्हणून पक्कं करायचं की नाही. नाही केलं तर आत्याच्या तळघरात चीज पुसायचं. वाखराँ. झाडाच्या सालीच्या पट्टीत बांधलेलं. रोज उलटायचं, रोज मिठाच्या पाण्याने पुसायचं. तो वास केसांतून जात नाही, आत्याच्या केसांतून वीस वर्षं गेलेला नाही.

मालक म्हणतात, हात चांगला आहे तुझा पोरी, पण तोंड कधी उघडणार? घड्याळात काही चुकलं तर घड्याळ थोडंच सांगणार आहे? तुलाच सांगावं लागेल.

म्हणून संकल्प: कामावर रोज तीन पूर्ण वाक्यं बोलणे. "हो" आणि "नाही" धरायचे नाहीत.

२२ सप्टेंबर

एक झालं. दार लावू का, असं विचारलं. नादेज म्हणाली, नको गं, येऊ दे हवा. वाक्य फुकट गेलं. उद्या पाच बोलून भरून काढणार.

२३ सप्टेंबर

शून्य. घसा जरा धरला होता.

२४ सप्टेंबर

नादेजबद्दल लिहायलाच पाहिजे. ती सीमेपलीकडची. रोज सकाळी फ्रान्समधून जंगलातून गाडी हाणत येते. तशी आमच्या दरीतली निम्मी माणसं तिकडूनच कामाला येतात, त्याचं काही नाही. पण ही तिकडच्या मोठ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून आमच्याकडे आली. का? म्हणे इथे शांत वाटतं.

शांततेसाठी कोणी काही सोडतं का? (मी शाळा सोडली. वर्गासमोर उभं राहून बोलायचं होतं म्हणून. ते वेगळं.)

शिवाय काम थांबवलं की घड्याळावर काचेचं झाकण ठेवते. धूळ बसू नये म्हणून सगळेच ठेवतात, मी पण ठेवते. पण ती जरा पटकन ठेवते.

२६ सप्टेंबर, शनिवार

उन्हाळाभर चरून गाई डोंगरावरून उतरल्या. रस्ता बंद, घंटांचा गोंगाट, सगळीकडे शेण. आत्या म्हणाली, मौनीबाई, गाईसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतात. मी उत्तर दिलं नाही. मनात दिलं. चांगलं होतं.

२९ सप्टेंबर

सध्या बेंचवर जे घड्याळ आहे ते वर्षातलं सगळ्यात मोठं काम आहे. मनगटी. तारीख, महिना आणि लीप वर्ष स्वतःहून सांभाळतं, शंभर वर्षं कोणी हात लावायला नको. आणि दोन मिनिटकाटे. एक निळा, साधा, सगळ्या जगाचा. दुसरा सोनेरी, टोकाला बारीक सूर्य, तो खऱ्या सूर्याची वेळ दाखवतो. सूर्य वर्षभर कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो, त्यामुळे सूर्यकाटाही निळ्याच्या पुढेमागे होत राहतो. ते सगळं आतली एक चकती करते, घेवड्याच्या दाण्यासारखी. तिला आमच्याकडे घेवडाच म्हणतात. वर्षातून एकदा फिरते.

घेवडा नादेजने कापलाय. मालकांनी तिलाच का दिला? मला ट्रायल म्हणतात, पण तिच्यावर कोणाची नजर नाही.

गिऱ्हाईक बारा तारखेच्या आठवड्यात येणार.

१ ऑक्टोबर, दुपार

मोठी गोष्ट सापडली!!

जेवायच्या सुट्टीत चर्चच्या भिंतीवरचं, सावलीवर चालणारं सूर्य-घड्याळ बघून आले. तास सोडून द्यायचा, उन्हाळ्यात सगळी घड्याळं तासभर पुढे करतात तो घोळ असतो, मिनिटं बघायची. तशीच धावत वर आले आणि आमचा सूर्यकाटा बघितला.

पाऊण तासाचा फरक.

सूर्य एकच आहे. दोन असते तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे घेवडा चुकीचा कापलाय. आणि नादेज चुकणाऱ्यातली नाही, म्हणजे मुद्दाम कापलाय.

मालकांना सांगणार होते. ते सॉसेज खात होते. जेवताना माणसाला त्रास देऊ नये.

२ ऑक्टोबर

नादेज फोनवर हळूच म्हणाली, लेच्चेचं पुढच्या आठवड्यात होईल. लेच्चे कोण? नाव इटालियन वाटतं. पार्टनर असणार.

५ ऑक्टोबर, सोमवार

पुरावा पाहिजे. पुराव्याशिवाय बोललं तर फक्त बोलणं होतं.

वर्षातून चार दिवस असे असतात की सूर्य आणि घड्याळ एकमेकांशी जुळतात. दोन्ही काटे एकावर एक. त्यातला एक नाताळचा दिवस. हे आमच्या दरीत दुकानातल्या मांजरालाही माहीत आहे. तर प्लॅन असा: घड्याळाच्या कडेला तारीख पुढे करायची बारीक कळ असते, बोथट पिनेने दाबायची. एकदा दाबलं की एक दिवस पुढे. नाताळपर्यंत दाबत जायचं आणि काटे बघायचे. विज्ञान.

संध्याकाळ

केलं. मालक दुपारी जेवून पडतात तेव्हा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर सगळे अंगठ्याखालून गेले. सूर्यकाटा हळूहळू मागे सरकत आला, सरकत आला आणि पंचवीस डिसेंबरला निळ्याशी जुळलाच नाही! जवळजवळ पाव तासाचं अंतर.

म्हणजे चर्चशी पाऊण तास, नाताळला पाव तास. दोन वेगळ्या चुका. एक लपवायला दुसरी केलेली दिसते. हुशार आहे बाई.

एक बारीक अडचण. ही कळ फक्त पुढे जाते. मागे नाही. मला हे माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मालकांनी सांगितलं होतं, कॅलेंडर मागे फिरत नाही पोरी, पुढे ढकललंस तर बस वाट बघत. आत्ता एकदम आठवलं.

घाबरायचं कारण नाही. यात सालाचा आकडा नाही, फक्त लीप वर्षाचं चक्र आहे. चार वर्षं पुढे ढकललं की परत इथेच. म्हणजे पुढे जाऊन मागे यायचं. सुट्टी संपेपर्यंत दोन वर्षांच्या वर पोचले. अंगठ्याला फोड आलाय. घड्याळ कुठल्यातरी मार्च महिन्यात, ड्रॉवरमध्ये.

६ ऑक्टोबर

सकाळी ड्रॉवर बोटभर उघडा होता. मी पूर्ण लावला होता. बहुतेक.

नादेज म्हणाली, आज पण थांबणार का सुट्टीत? मी बाहेर जाते, मालकांनाही खाली नेते, लवकर कोणी वर यायचं नाही. हे मला कशाला सांगायचं? लेच्चेला भेटायला जात असणार.

असो. माझ्या पथ्यावर पडलं. उरलेली वर्षं दाबली. सगळं बरोबर जमत आलं होतं. सप्टेंबर संपला, ऑक्टोबर लागला, चार, पाच, सहा, आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजली, मी दचकले. सात.

पुन्हा चार वर्षं? अंगठा उचलत नाही. एकच दिवस पुढे आहे. उद्या सात तारीख झाली की आपोआप बरोबर येईल. डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो.

७ ऑक्टोबर

घड्याळ आज आठ तारीख दाखवतंय!! काल एक दिवस पुढे होतं, आज पण एक दिवस पुढेच. रातोरात कोणीतरी ढकललं. कोणी ते वेगळं सांगायला नको.

नादेज बेंचवर वाकून बघत होती. मला विचारलं, काही सांगायचंय का गं ओरियान? सांग की, मी काही खात नाही. मी म्हटलं नाही. (धरायचं नाही.)

आज एकूण वाक्यं शून्य. पण अशा वेळी कमी बोललेलंच बरं, शत्रू सावध होतो.

८ ऑक्टोबर

आज घड्याळ बंद. किल्ली द्यायची गुंडीच बाहेर ओढून ठेवलेली. मालक म्हणाले, हे का थांबलंय? नादेज लगेच म्हणाली, मी थांबवलंय, काट्यांची जरा खात्री करायची होती, उद्यापर्यंत राहू दे. मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग "बरं" म्हणाले.

खात्री! सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या.

आणि अजून एक. माझ्या ॲप्रनच्या खिशात फोडाची पट्टी सापडली. मी ठेवलेली नाही. माझ्या अंगठ्याला फोड आहे हे तिला कसं माहीत? हेरगिरी. पट्टी लावली, वाया कशाला घालवायची. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

तारीख बरोबर! नऊ म्हणजे नऊ. घड्याळ चालू. मी म्हटलं होतं ना, आपोआप येईल. दोन दिवस लागले एवढंच.

फक्त सूर्यकाटा अजून तसाच चुकीचा. आता ठरलं. सोमवारी गिऱ्हाईक यायच्या आधी बोलणार. मालकांनीच सांगितलंय, घड्याळ सांगणार नाही, तुला सांगावं लागेल. तीन वाक्यं तयार केली. आरशासमोर म्हटली. आत्याने दार वाजवलं, कोणाशी बोलतेस? म्हटलं, कोणाशी नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

बोलले.

सकाळच्या कॉफीला. नादेज समोरच. तीनच वाक्यं होती पण मग थांबताच येईना. म्हटलं, सूर्यकाटा चुकीचा आहे. घेवडा नादेजने मुद्दाम बिघडवलाय, तिला लेच्चे नावाच्या माणसाने सांगितलंय. तीच तारखा ढकलते, घड्याळ बंद करते, ड्रॉवर उघडते. मी स्वतः बघितलंय, नाताळला काटे जुळत नाहीत.

मालकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, नाताळला जुळत नाहीत हे तू कधी बघितलंस? आज बारा ऑक्टोबर आहे.

मी अंगठा मुठीत लपवला.

मग मालक म्हणाले, लेच्चे माणूस नाही पोरी, गाव आहे. इटलीच्या पार टाचेत. आज येणाऱ्या बाईंचं माहेर. त्यांच्या वडिलांचा तिथे तेलाचा घाणा होता, त्यांना तिथली दुपार हवीय, आपल्या चर्चची नको. सूर्य तिथे डोक्यावर येतो आपल्या पाऊण तास आधी, आणि सगळ्या जगाच्या त्या निळ्या काट्याच्याही पाव तास आधी, म्हणून नाताळला जुळत नाही. आमच्याकडे घड्याळ ज्याचं त्याच्या गावाच्या उन्हावर लावून देतात, माझ्या बापापासून. तो काटा नादेजने नाही, मी बसवलाय.

मी नादेजकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, मालक, जाऊ दे ना, बरोबर आलंय घड्याळ, पोर आहे. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मालक म्हणाले, चार वर्षं ढकललीस ते चालतं, मी पण तुझ्या वयात ढकललं होतं, वडिलांनी महिनाभर शिव्या दिल्या. ते मला येऊन सांगितलं असतंस तर आज हसलो असतो. पण तो जास्तीचा एक दिवस भरून निघावा म्हणून हिने तुझ्यासाठी घड्याळ दिवसभर थांबवून ठेवलं, मला खोटं कारण सांगितलं, परवा तुला पक्कं करा म्हणून माझ्याशी भांडली. सहा महिन्यांत तू पहिल्यांदा एवढं बोललीस पोरी. आणि बोललीस तर हे.

मग म्हणाले, आपल्याला एकाच खोलीत बसायचं असतं.

म्हणजे मूळ अडचण जागेची आहे. खोली लहान पडते. तिसरा बेंच तसाही खांबाला लागतो.

संध्याकाळ

लेच्चेच्या बाई आल्या होत्या. म्हाताऱ्या, बुटक्या, जाड चष्मा. मला खाली कोट घ्यायला उभं केलं होतं. जाताना जिन्यात थांबल्या, घड्याळ बघितलं, सूर्यकाट्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता बाबा घाण्यावरून जेवायला येतील. मग रडल्या.

मला काहीतरी म्हणायचं होतं. कोट दिला.

७ नोव्हेंबर, शनिवार

तळघर. हे तात्पुरतं आहे. वाखराँचा हंगाम जोरात आहे आणि आत्याला माझ्याशिवाय जमत नाही, असं आत्या म्हणत नाही पण दिसतं. मालकांनी "कायमचं नाही" असं म्हटलेलं नाही. म्हणजे "कायमचं" असंही म्हटलेलं नाही.

खालच्या फळीवरची चीजं कोणीतरी उलट्या क्रमाने लावतंय. आतेभावावर नजर आहे.

संकल्प मात्र पूर्ण झाला. आत्याच्या दुकानात काउंटरवर रोज तीन पूर्ण वाक्यं: केवढं देऊ, आजच खाणार का, चीजची डबी गरम करू नका. आत्या म्हणते, मौनीबाईला कंठ फुटला.

नादेज दर शनिवारी येते. सगळ्यात छोटं वाखराँ घेते. एकट्या बाईला दर आठवड्याला एवढं चीज? पलीकडे त्यांच्याकडेही मिळतं की. आज पैसे देताना माझ्या हाताकडे बघून म्हणाली, अंगठा बरा झाला का गं? मी म्हटलं, हो.

ते धरायचं नाही.

पुढच्या शनिवारी तिला एक पूर्ण वाक्य बोलणार. ठरलंय. शब्द अजून ठरले नाहीत. माफीपासून सुरुवात करून बघितली, पण इथे, टायपिंगमध्येच ती बरी जमते. आज आरशासमोर उभी राहिले तर केसांना वास येत होता.

आत्ताच आत्या वरून ओरडली: गावच्या बँडमधल्या ट्यूबावाल्याचं लग्न ठरलं, दाताच्या डॉक्टरीणबाईशी! म्हणजे तोही कधीतरी तिच्याशी एक पूर्ण वाक्य बोलला असणार.