अम्मीचा ग्राफ

प्रिय मोहसीनभाई,

सलाम. तुझा मोबाइल लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक येऊन बसते, म्हणून हा मेल. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मेल उघडतो असं तू म्हणाला होतास. पत्र लांबलंय, पण अर्ध्यात सोडू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे, माझं पहिलं वाक्य ऐकतोस आणि पुढचं आपल्याच मनाने ठरवून मोकळा होतोस. सोबत एक ग्राफ जोडलाय. तो आत्ता उघडू नको, आधी वाच. उघडलास तरी काही कळणार नाही, मलाच कळेपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला.

अम्मी दोनदा पडली. घाबरू नकोस, हाडबिड काही मोडलेलं नाही. पहिल्यांदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली ती उठेचना, दुसऱ्यांदा जिन्यात. दोन्ही वेळा संध्याकाळी. घामाने भिजलेली, हात थरथरत होते, माझ्याकडे बघायची ती कोणा परक्या बाईकडे बघावं तशी. थोड्या वेळाने आपणहून सरबत प्यायली आणि मला काय नाय झालं म्हणून मलाच दम दिला. डॉक्टरीणबाईंनी सकाळचे उपाशीपोटीचे साखरेचे आकडे बघितले तर ते मधूनमधून खूप वर गेलेले. त्या म्हणाल्या, गोळ्या पुरत नाहीत असं दिसतंय, इन्सुलिन सुरू करावं लागेल. पण साखर एवढी वाढलेली असेल तर बाई अशी कोसळते का, ते त्यांनाही समजेना. म्हणाल्या, घरच्या मशीनमधलं तीन महिन्यांचं सगळं काढून आणा, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी, नीट ग्राफ करून. तो बघून ठरवू. चुकीचं इन्सुलिन दिलं तर जिवाशी खेळ आहे, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मशीन आकडे मोबाइलमध्ये पाठवतं, पण त्या अ‍ॅपचा ग्राफ सगळ्या वेळा एकात कालवून दाखवतो, अगदी खिचडी. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हात्तिच्या, मी स्टेशनजवळच्या क्लासला जाते ते काय मच्छर मारायला? पायथनमध्ये तासाभरात काढून देते. अब्बा दुकानातल्या लाद्या उलव्याला कुठल्याशा बिल्डिंगवर उतरवायला निघाले होते, ते दारातूनच म्हणाले, बघा, आमची इंजिनियर. तेव्हाच माशी शिंकली असणार.

तुला यातलं काही कळत नाही म्हणून सोपं करून सांगते. पायथन ही कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, त्यात मॅटप्लॉटलिब नावाची एक लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आयते लिहून ठेवलेले प्रोग्राम. आपण आकडे द्यायचे, तिने रेघ काढून द्यायची. मी शहाणीने माझ्या स्वतःच्या फाइललाच मॅटप्लॉटलिब असं नाव दिलं. झालं! पायथन लायब्ररी शोधायला निघाला, त्याला शेजारीच माझी फाइल सापडली, त्याने तीच उचलली आणि ती फाइल परत त्याच्याकडेच लायब्ररी मागायला लागली. अब्बा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधतात ना, तोच प्रकार. पानभर लाल अक्षरं आली. मी लायब्ररी काढून टाकली, परत टाकली, लॅपटॉप बंद केला, चालू केला, वर अल्लाचं नाव घेतलं. नाव बदलल्यावर एका फटक्यात चाललं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग दुसरी कटकट. आडव्या बाजूच्या तारखा आणि उभ्या बाजूचे आकडे जुळत नाहीत, म्हणून पायथन हट्ट धरून बसला. खरं होतं त्याचं, काही दिवशी रीडिंग घेतलेलंच नव्हतं आणि मी तारखा मात्र सगळ्या दिल्या होत्या. ते निस्तरलं तर रेघ वेड्यासारखी मागे-पुढे पळायला लागली. अम्मीची येत्या डिसेंबरमधली साखरसुद्धा दाखवत होता, जो डिसेंबर अजून कोणी बघितलेला नाही! आपण तारीख आधी लिहितो, तो महिना आधी वाचतो, एवढंच होतं. मग मी हौसेने वर मराठीत 'अम्मीची साखर' लिहिलं तर नुसते रिकामे चौकोन आले. दुसरा फॉन्ट घातला तर वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटल्या. शेवटी मुकाट्याने इंग्रजीत लिहिलं. एवढं करून चित्र सेव्ह केलं, डॉक्टरीणबाईंना पाठवलं आणि न जेवता तशीच झोपले. सकाळी त्यांचं उत्तर, फक्त एक प्रश्नचिन्ह. मी त्यांना कोरा पांढरा चौकोन पाठवला होता. ग्राफ आधी पडद्यावर दाखवला आणि मग सेव्ह केला की कोराच सेव्ह होतो, हे मला कोण सांगणार? इंटरनेटवर हाच प्रश्न कुणीतरी कधीचा विचारून ठेवलाय आणि खाली स्वतःच लिहिलंय, सुटलं, धन्यवाद. कसं सुटलं ते लिहायला काय हात मोडले होते का मेल्याचे?

बरं, हे सगळं झालं आणि खरा ग्राफ आला, तर तो आणखीनच चक्रावणारा. सकाळची रेघ सरळ चाललीय, मध्येच उंच उडी, परत सरळ, परत उडी. संध्याकाळच्या रेघेची त्याच दिवशी खोल डुबकी. सुरुवातीचे दोनेक आठवडे ठीक, मग रमजान ईदनंतर जे दात सुरू झाले ते शेवटपर्यंत. माणसाची साखर अशी कंगव्यासारखी असते का? मला खात्रीच झाली की माझंच काहीतरी अजून चुकतंय. फाइल पुन्हा उतरवली. आकडे हाताने ताडून पाहिले. मशीनच्या पट्ट्या बदलून आणल्या. अम्मी माझ्या बाजूला बसून लसूण सोलत होती, ती म्हणाली, कशाला एवढा जीव काढतेस, टाक तो कंप्युटर. मी तिच्यावरच खेकसले. मग क्लासमध्ये शिकवलेली युक्ती केली, सात-सात दिवसांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करून टाकली. भाई, काय सुरेख दिसली! अगदी शहाण्या मुलीसारखी, हळूहळू वर चढणारी रेघ. डॉक्टरीणबाईंनी ती बघितली असती तर त्याच दिवशी इन्सुलिन लिहून दिलं असतं. मी पाठवायलाच निघाले होते.

अनुष्कामुळे वाचलो. माझ्या क्लासमधली, उलव्याची, तू तिला ओळखत नाहीस. तिला तो गुळगुळीत ग्राफ कौतुकाने दाखवायला गेले तर ती म्हणाली, आधीचा दाखव, दात कुठे लपवलेस? तिने प्रत्येक वाराला वेगळा रंग दिला. सगळ्या उड्या आणि सगळ्या डुबक्या दोनच रंगांत. ती हसायला लागली. म्हणाली, सोमवार आणि गुरुवार, अगो तुजी अम्मी आमच्या आजीसारकी उपास धरते की काय? तिची आजी सोमवारी शंकराचा आणि गुरुवारी दत्ताचा उपास करते, साबुदाणासुद्धा खात नाही. मीपण हसले. खूप हसले. आणि मग माझं हसू तोंडातच राहिलं. सोमवार आणि जुमेरात, भाई. आपल्याकडेही रमजानबाहेरचे मनाचे रोजे याच दोन दिवशी ठेवतात, हे मला अनुष्काच्या आजीवरून आठवावं!

रमजानमध्ये डॉक्टरीणबाईंनी रोजे बंद करायला लावले तेव्हा अम्मी रडली होती, पण रोज्यांच्या बदल्यात गरिबांच्या जेवणाचा फिदिया देऊन गप्प झाली. मला वाटलं विषय संपला. आता सगळं एकदम जुळायला लागलं. ती पहाटे कोणी उठायच्या आत सहरीचं पोटभर खाऊन घेणार, त्यासोबत गोळी घेणार आणि सातला मी मशीन पुढे केलं की निमूट बोट देणार. मी ते उपाशीपोटी म्हणून लिहिणार! दिवसभर पोटात काही नाही, वर गोळीचं काम चालूच. दुपारी मी क्लासला, अब्बा दुकानात, ती जेवली की नाही बघायला घरात असतं कोण? संध्याकाळी अजान झाली की चहासोबत एक खजूर, त्यात कोणाला काय दिसणार. आकड्यांत ती एकदाही खोटं बोलली नाही, मशीनने जे सांगितलं तेच. आणि मी मूर्ख लायब्ररीला शिव्या घालत बसले होते.

परवा जुमेरातीला मी क्लास बुडवून दुपारीच घरी आले. तिने माझ्यासाठी कोळंबीचं कालवण केलं होतं, मीठ लागलं का बघ म्हणाली. स्वतः चाखलं नव्हतं. मी म्हटलं, तू बस माझ्यासोबत, एक घास खा. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. मी रडले, ओरडले, ग्राफ तिच्या नाकासमोर धरला. डॉक्टरीणबाईंना तिच्यासमोरच फोन लावला. त्या म्हणाल्या, इन्सुलिनचं नाव काढू नका आणि रोजे आजपासून बंद, पुढच्या वेळी पडल्या आणि घरात कोणी नसलं तर उठायच्या नाहीत. अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी वायदा अल्लाशी केलाय, तुज्या डॉक्टरीणबाईशी नाय. मी म्हटलं, आजाऱ्याला माफ असतं, मौलवींना विचारू. तर म्हणाली, माफी मागं सरणाऱ्याला लागते, मी सरलेच नाय. येत्या सोमवारीसुद्धा ती धरणार आहे, हे मी तुला लिहून देते. तुला माहीत आहे ती कशी आहे ते. अब्बांना अजून सांगितलेलं नाही, ते आभाळ डोक्यावर घेतील आणि ती आणखी घट्ट होईल.

कशासाठी, ते ती सांगेना. माझी कसम घातली तेव्हा बोलली. म्हणाली, मोहसीनसाठी मन्नत आहे, त्याची नोकरी गेलीय. मस्कतला मित्रांच्या खोलीवर झोपतो, तुला आणि अब्बांना सांगू नको म्हणालाय. त्याला काम लागेपर्यंत दर सोमवार, दर जुमेरात. बकरी ईदपासून त्याचा फोनपण नाय, म्हणजे पोराचे हाल वाढलेच असतील, असं म्हणून पदराने डोळे पुसले. आणि त्याच बकरी ईदला तू मला सांगितलं होतंस की कंपनी बदलली, पगार चांगला आहे, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर काम आहे म्हणून फोन लागणार नाही. आणि मोरा बंदरावरचे मामू समुद्रात बुडाल्यापासून अम्मी पाण्याचं नाव काढलं तरी कापते, म्हणून तिला सांगू नको, तुझी कसम. नोकरी गेली होती, हे मला माहीतच नव्हतं. लागली, हे तिला माहीत नाही. एकीला अर्धं सांगितलंस, दुसरीला अर्धं, दोघींना कसमा घातल्यास आणि आम्ही एकाच घरात, एकाच ओट्यावर स्वयंपाक करत दोघी तोंड शिवून बसलो. तुझ्यावर इतका राग आलाय भाई, की समोर असतास तर लाटणंच फेकून मारलं असतं. मी सांगितलं तर रोजे सोडवायला खोटं बोलते म्हणेल, तुझ्याच तोंडून ऐकल्याशिवाय ती मानणार नाही. तिथे साहेबाच्या केबिनमध्ये फोन असतो ना? रविवार रात्रीच्या आत रांगेत उभा राहा, पाया पड कोणाच्या, पण घरी लाव. समुद्राचं ऐकून ती घाबरेल, रडेल, दोन दिवस मला बोलेल, बोलू दे. तू नाही लावलास तर मी सांगणार आहे, कसम गेली खड्ड्यात. तिची दुआ केव्हाच कबूल झालीय. तेवढं तिला सांग, म्हणजे ती जेवेल.

तुझीच बहीण,
जिक्रा