गुरुवारचं तेल

२७ सप्टेंबर, गुरुवार

भिंतीपलीकडून तळणीचा वास आला. दादाकडे वहिनीनं कढई चढवली. मग पलीकडच्या घरातून, मग त्याच्या पलीकडून. गुरुवारची संध्याकाळ – आख्खी गल्ली आपापल्या मेलेल्यांसाठी तेल तापवते. वास वर जातो, त्यांना पोचतो, पोट भरतं. माझी चूल थंड!

वसंतात आई गेली आणि दादानं पहिल्याच गुरुवारी विचारलं, "तुर्सुनाय, तुझ्या घरातून वास नाही आला?" मी म्हटलं, दादा, आई देवाच्या हातात आहे, तिला माझ्या तेलाची गरज नाही. बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तो इतका चिडला नव्हता. म्हणाला, "दोन लेकरं वाढवली तिनं, आणि जेवायला घालतंय एकच."

तेव्हापासून त्यानं माझ्या घरचा नान तोंडात घातलेला नाही. येतो. फाटक दुरुस्त करून देतो, कोळसा उतरवून घेतो. मी नान घेऊन दारात जाते – घाईतल्या वाटसरूनंसुद्धा एक तुकडा मोडूनच जायचं, अशी आपली रीत. वैऱ्याच्या घरचाही नान कुणी नाकारत नाही. दादा छातीवर हात ठेवतो आणि चालू लागतो. अकमतदादासारखा हट्टी माणूस या सरोवराच्या काठी दुसरा नसेल. असलीच तर मी.

३० सप्टेंबर, रविवार

पुढच्या रविवारी मंडळीत पिकाचा उपकारस्तुतीचा सण आणि प्रभुभोजन. बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, अर्थातच माझ्याकडे. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात तळण काढलं, आता सुटका नाही.

सगळे गेल्यावर पाळक झेनिशनं गाठलं. "ताई, वसंतापासून बघतोय. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की तुम्ही न घेताच पुढे सरकवता."

म्हटलं, प्रभूनं सांगितलंय ना – आधी भावाशी समेट कर, मग ये. माझा भाऊ माझ्या घरचा घास खात नाही. मी कोणत्या तोंडानं खाऊ?

"पण हे ताट काय आपण कमावून खातो? कृपा आहे ताई ती. फुकट मिळते."

फुकट! माझ्या मुलापेक्षा लहान आहे, पण बोलतो बरं. मी घरी येईपर्यंत विचार करत होते. देवाशी माझं भांडण नाही, खरंच नाही. सकाळी गाईच्या अंगाला टेकून धार काढते तेव्हा इतकी शांती असते की गाणं येतं. आणि मग भिंतीपलीकडे दादा खोकतो, आणि शांती गेली उडून.

२ ऑक्टोबर, मंगळवार

बटाटे काढले. पाठ कामातून गेली. बटाटे मात्र सुरेख. स्तुती असो.

४ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा तोच वास. बुरमा वहिनी भिंतीवरून डोकावली. "अगं, थोडं तेल टाक ना कढईत! तुझं काय जातंय? मनातून नको करूस, नुसता वास काढ. माझ्या डोक्यामागची कटकट तरी थांबेल."

हसू आलं. मग ती गेल्यावर रडूही आलं. एक पळी तेल, बस्स! दादा पलीकडे नाक वर करून बसला असेल. पण खोटं तळायचं? तेही आईच्या नावानं?

मला आईची आठवण येत नाही असं वाटतं की काय त्याला? कणीक तिंबताना माझ्या हातात तिचेच हात असतात. तिच्याचसारखं मीठ दुधात विरघळवून घालते. हे त्याला कोण सांगणार? प्रभू, तूच सांग. माझं तो ऐकत नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

काय लिहू!

दुपारपासून उद्याच्या सणासाठी तळत होते. मोठी कढई अंगणात, बोरसोकांचा ढीग चादरीवर. फाटक वाजलं. दादा! टोपी नीट केली, आत आला आणि चादरीपाशी बसला. बसला!

बोरसोक उचलला. खाल्ला. दुसरा. मग दोन्ही हात पसरून दुआ पुटपुटला – आईचं नाव ऐकू आलं – आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी झारा धरून नुसती उभी. चहा ओतला, जर्दाळूचा मुरंबा ठेवला. "मीठ आईच्या हातचं आहे," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

त्याला वाटलं, शेवटी मी आईसाठी तेल तापवलं! हे माझ्या लक्षात येईपर्यंत तो तिसरा बोरसोक खात होता. मी तोंड उघडलं. मिटलं. एवढ्या काळानं आलेल्या भावाच्या हातून घास कसा काढून घ्यायचा?

७ ऑक्टोबर, रविवार

भोपळे, सफरचंदं, माझे बटाटे, मधोमध नान. सुंदर टेबल मांडलं होतं. आज माझी अडचण नव्हती – भावानं माझ्या घरी खाल्लं, समेट झाला. ताट आलं. हात उचललाच नाही! हा समेट माझा नव्हता, दादाच्या गैरसमजाचा होता. पुढे सरकवलं. झेनिशनं पाहिलं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

दादानं मेंढी कापली. माझा वाटा स्वतः घेऊन आला, तोही चांगल्या तुकड्याचा. नान मोडला, उभ्यानंच खाल्ला. "पाठ कशी आहे?" विचारलं.

आता सांगायचं? अजून दोन दिवस भाऊ असू दे मला, प्रभू. अजून दोनच दिवस.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

आज पुन्हा गुरुवार, आणि दादा माझ्या चुलीकडून वासाची वाट बघणार, या विचारानं सकाळपासून दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. शेवटी तळणीच्या वेळेआधीच गेले. तो गोठ्यात मेंढीचे वाढलेले खूर कापत बसला होता.

"दादा, त्या दिवशीचे बोरसोक आईसाठी नव्हते. आमच्या मंडळीच्या सणाचे होते. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आज माझ्या घरातून वास येणार नाही."

त्यानं मान वर केली नाही. एक खूर झाला, दुसरा घेतला. मग म्हणाला, "घरी जा. गार वारा सुटलाय."

आले. भाऊ गेला माझा, दुसऱ्यांदा. रडले पोटभर. मग गाईला चारा घातला, धार काढायला बसले, तिच्या अंगाला डोकं टेकलं – आणि शांती होती. भिंतीपलीकडे दादा खोकला. तरीही होती! मला कळत नाही. भाऊही राहिला नाही, कमाईही नाही, आणि हा एवढा निवांतपणा कुठून? झेनिश यालाच फुकट म्हणत होता का?

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी फाटक वाजलं. दादा. दारातच उभा राहिला, तोंड पाडून.

"मला काय वार कळत नाहीत? शनिवारी मेलेल्यांसाठी कोण तळतं गं?"

मग आलास कशाला, विचारलं.

"तुझे बोरसोक होते. किती दिवस कळ काढायची माणसानं? बसल्या बसल्या आईला सांगितलं, पोरीनं तळलेत, कुणासाठी का असेनात." टोपी काढली, परत घातली. "काल गोठ्यात बोलायला जमलं नाही. आता नान आण. आणि बसून खाणार आहे, चहा ठेव."

नान आणला. त्यानं मोडला, आणि पहिला तुकडा माझ्या हातात दिला.

मी खाल्ला.