रविवारी बारा ते चार मी घरी नसण्याबद्दल

सेटल, यॉर्कशर
मंगळवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय थोरले मेहुणे क्लिफर्ड यांस, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा तेरा महिने साचून राहिलेला नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची खुशाली दर रविवारी कळते (मेव्हिस तुमच्याकडून परतली की कोट काढायच्या आधी सगळं सांगून टाकते, मी न विचारता). उजवा गुडघा आता जिना चढू देतो असं समजलं. उतरू देत नाही, असंही समजलं. प्रदर्शनाच्या कांद्यांवर या वर्षी करपा पडला नाही हे ऐकून मात्र मनापासून बरं वाटलं. तुमच्या-माझ्यात काय असेल ते असो, कांद्यांशी माझं वैर नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की येत्या रविवारी मेव्हिसला सत्तर पूर्ण होतायत. दुपारच्या जेवणाला येईन असं तुम्ही तिला कळवलंत, पण पुढे एक अट घातलीत, ‘तुझा नवरा घरात नसेल तर’. अट मान्य. पण बारा ते चार माणसानं स्वतःच्या घराबाहेर काढायचे म्हणजे जायचं कुठे? रविवारी वाचनालय बंद. पबमध्ये चार तास बसलो तर ती बातमी माझ्याआधी घरी पोचते. चर्चमध्ये गेलो तर लोक मेव्हिसला विचारतील, नॉर्मनची तब्येत बरी आहे ना? तेव्हा मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी गाडी घेऊन लांब फिरायला जातो.

“त्या गाडीनं गेलास तर साडेबाराला ढकलत परत येशील,” ती म्हणाली, “आणि दादा दारातच भेटेल.”

म्हणजे तुम्हाला माझं तोंड दिसू नये म्हणून ती गाडी दुरुस्त होणं भाग होतं. गेले तीन आठवडे मी जे काही केलं ते केवळ तुमच्या सोयीसाठी केलं, हे ध्यानात धरून पुढचं वाचावं.

गाडीची ओळख करून द्यायला नको. पेट्यांमधून आलेले सुटे भाग आपण दोघांनी पाच हिवाळे माझ्या शेडमध्ये बसून जोडले. रंग माझा, वायरिंग तुमचं. पण सध्या तिची वागणूक कशी होती ते तुम्हाला ठाऊक नसणार. डावीकडे वळायचा दिवा लावला की पेट्रोलचा काटा टाकी भरल्याचं सांगायचा (त्यामुळे काही दिवस मी आनंदानं डावीकडेच वळत होतो). ब्रेक दाबला की वायपर जरासा उठायचा आणि लाजून परत बसायचा. हॉर्न वाजवला की पुढचे दिवे मान टाकायचे. आणि मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडव्या बसवलेल्या त्या लोखंडी नळ्यांवरून खडखडत गेलं, की गाडी एकदम गप्प. पाच मिनिटं तशीच बसायची, मग आपणहून सुरू. हे रोज झालं असतं तरी चाललं असतं. पण नाही, बाई चार दिवस शहाण्यासारख्या वागणार, पाचव्या दिवशी पावसात दगा देणार.

गावातल्या गॅरेजवाल्याकडे ठेवली. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरावा तसं झालं. त्यानं दोन दिवस फिरवली, बायकोलाही फिरवून आणलं, आणि काहीही बिघाड नाही म्हणून किल्ली हातात दिली. वर, मला झोप नीट लागते का, असंही विचारलं. परतताना पहिल्याच वळणावर बंद पडली. आपल्या हौशी गाडीवाल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी डडली यांना फोन केला. ते म्हणाले, बॅटरी बदल. बदलली. म्हणाले, फ्यूज बदल. सगळे बदलले. मग म्हणाले, नॉर्मन, तुझ्या मेहुण्याला का विचारत नाहीस? मी फोन ठेवला.

आता लपवून काय उपयोग, मला त्यात तुमची चूक सापडायला हवी होती. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये क्लबच्या सहलीत हॉज गावाकडे जाताना त्या नळ्यांवर गाडी आडवी बंद पडली, मागे चौदा गाड्या, पुढे मेंढ्या, आणि मी सीटवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “टेलिफोन जोडणाऱ्याला गाडी जोडायला दिली की असंच व्हायचं.” तुम्ही वायरी तपासायचं मीटर खिशात घातलात, चहाचा थर्मास उचललात आणि बसच्या थांब्याकडे चालू लागलात (सँडविचेसही नेलीत, त्यातली दोन माझी होती, पण ते असो). त्या दिवसापासून मी मनात म्हणत आलोय, की एकदा तुमची ती सैल वायर सापडू दे, फ्रेम करून पाठवतो.

म्हणून डॅशबोर्ड काढला आणि तुमचं वायरिंग वीत-वीत तपासायला घेतलं. डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर. एक्काहत्तराव्या वर्षी माणसानं या अवस्थेत असू नये. आणि तिथे बघतो तर काय, प्रत्येक वायरीला तुमच्या त्या टेलिफोनच्या कचेरीतल्या यंत्रावर उठवलेली, ठशाच्या अक्षरांची प्लास्टिकची पट्टी. ‘मागचा दिवा. नॉर्मन, ओढू नकोस.’ पुढे, ‘हीसुद्धा ओढू नकोस.’ अगदी आत, जिथे दोन बोटं जेमतेम जातात तिथे, ‘इथवर मला न विचारता आला आहेस.’ मी उलटा पडल्यापडल्या वाचत होतो आणि तुम्हाला मोठ्यानं उत्तरं देत होतो. मेव्हिस शेडच्या दाराशी येऊन म्हणाली, कोणाशी बोलतोयस? मी म्हटलं, तुझ्या दादाशी. ती आत गेली आणि सवयीनं दोन कप चहा घेऊन आली. मग दुसऱ्या कपाकडे बघत उभी राहिली. दोन्ही मीच प्यायलो. त्या दुपारी तुमची फार आठवण आली, हे लिहून टाकतो, खोडत नाही.

तीन आठवड्यांत तुमच्या वायरिंगमध्ये एक टाका चुकलेला निघाला नाही. माझी फ्रेम रिकामीच राहिली.

शेवटी डोकं चालवलं ते मेव्हिसनं. ती म्हणाली, धक्का बसला की बंद पडते ना, मग धक्के आपणच देऊ. मला सीटवर बसवून दिवे लावायला सांगितले आणि स्वतः लाकडी हातोडा घेऊन पुढून मागे लोखंडी सांगाडा ठोकत निघाली (ठोकताना ती काही पुटपुटत होती, त्यात माझं नाव होतं, आणि तुमचंही). डाव्या सीटच्या मागे एक ठोका पडला आणि सगळे दिवे गेले. परत ठोकलं, आले. तिथला एक बोल्ट नीट बसत नव्हता, एवढंच. आपल्याकडची दमट हवा, दुसरं काय. दोष कोणाचाच नाही. दहा मिनिटांत बसवला.

काल त्याच नळ्यांवरून अकरा वेळा गेलो. शेवटी शेवटी मेंढ्यांनी बघायचंही सोडलं. पेट्रोलचा काटा आता टाकी रिकामी असल्याचं प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा रविवारी आपण निर्धास्त यावं. मी बाराला निघेन, चारच्या आधी येणार नाही. बीफ आहे, यॉर्कशर पुडिंग आहे, कोपऱ्यातली खुर्ची तुमच्या गुडघ्यासाठी काढून ठेवली आहे. मेव्हिसकडून खूप प्रेम, माझ्याकडून जेवढं आपण ठेवून घ्याल तेवढं.

आपला,
नॉर्मन

ता. क. बोल्टबद्दल वर लिहिलं ते सगळं खरं नाही. हवेचा काही संबंध नव्हता. गाडीची बॉडी फायबरची, म्हणजे सगळा करंट परत जाणार तो सांगाड्यातून, आणि सगळ्याचं अर्थिंग त्या एका बोल्टावर. बोल्टाखाली उघडं लोखंड पाहिजे, मध्ये रंग आला की करंट अडतो, हे तुम्ही मला निदान दहा वेळा सांगितलं होतं. बोल्ट काढला तर खाली गडद हिरवा रंग. तीन हात. प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर मारलेला, कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस नाही. इतकं सुबक काम या जिल्ह्यात एकच पेंटर करतो. चाळीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या रंगवली, सुटलेली जागा मला बघवत नाही.

ता. क. दुसरा. गाडी जोडत होतो तेव्हा तुम्ही कांदे घेऊन हॅरोगेटच्या प्रदर्शनाला गेला होतात, त्या आठवड्यात तो बोल्ट मीच बसवला, आणि तुम्ही आल्यावर ‘झालं, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे’ असं सांगितलं. बोल्टाशेजारी रंगाखाली जरा उंचवटा होता, मला वाटलं वेल्डिंगचा. परवा त्यावर बोट फिरवलं तर तुमच्या पट्टीची अक्षरं लागली. तीन हातांखालूनही नीट वाचता आली. ‘नॉर्मन, एवढी एक जागा रंगवू नकोस.’

ता. क. तिसरा. मेव्हिसनं आत्ता हे पत्र वाचलं. म्हणाली, एवढी पानं कशाला, एका ओळीत झालं असतं. मी म्हटलं, मग सांग, लिहितो. ती म्हणाली, ती ओळ तुझी आहे, तूच लिही. तर लिहितो: चूक माझी होती, क्लिफर्ड, आणि रविवारी मला घरी थांबायचंय.