माझ्या सहीचं परवानगीपत्र

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क गुणगुणत घरी आले. मोठ्या कंपनीत सात वर्षं दुसऱ्यांच्या चुकांचे अहवाल लिहून मान मोडली होती. इथे आम्ही सगळे मिळून तीन. कॉलेजात मला शिकवलेले मास्तर, ही कंपनी त्यांनी काढली. त्यांच्या बायकोचा भाऊ, ज्याला सगळं ऑफिस, म्हणजे आम्ही दोघं, मेहुणा म्हणतो. आणि मी. जागा छापखान्याच्या वरची आहे. दोन खोल्या, एक खिडकी, आणि खालची यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा पेला आपोआप सरकतो.

धंदा असा: लोकांच्या कंपनीत चोरासारखं शिरायचं, पण त्यांच्याच परवानगीने, आणि कुठून शिरलो ते त्यांना सांगायचं. मास्तरांचा नियम एकच. आधी सही केलेलं परवानगीपत्र, मग कुलपाला हात. काम थांबवायचं तर सही करणाऱ्याने स्वतः फोन करायचा, आवाज जुळला की थांबलं. पत्र असेल तर आपण वैद्य, नसेल तर चोर, असं ते म्हणाले. नोकरीच्या बारा-तेरा कागदांवर मी भराभर सह्या ठोकल्या. मला काम सुरू करायची घाई होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं काम फोनवर फसवण्याचं. आज माल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या फोनवरच्या बाईंना म्हटलं, मी नवी आहे, पासवर्ड विसरले, साहेब ओरडतील. चार मिनिटांत त्यांनी स्वतःचा पासवर्ड दिला, वर धीरही दिला. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. माझे सगळे फोन तो रेकॉर्ड करतो, अहवालासाठी.

आईला फोन करायचा राहिला. ती तासाभराच्या अंतरावर एकटी राहते. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो, माणसं ती आवाजावरून ओळखते. तिचं तेच ते गाऱ्हाणं ऐकायला माझ्यात धीर उरत नाही. रविवारी करीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

त्या बाईंना कामावरून काढलं. बावीस वर्षं होत्या तिथे. मास्तर म्हणाले, आपण भोक दाखवतो, ठिगळ त्यांचं ते लावतील. मला जेवण गेलं नाही. तरी दुपारी पुढच्या कंपनीला फोन केला, आणि तिथेही जमलं. मी या कामात चांगली आहे, हे लिहिताना आनंद व्हायला हवा होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रविवार गेला, दुसराही गेला. आज संध्याकाळी अखेर आईला फोन केला. ती हसली. म्हणाली, अगं चारला तासभर बोललो की, आता काय राहिलं? वयाचं असेल म्हणून शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोज चारला तुझा फोन येतो, त्यांनी स्वतः ऐकलाय. हल्ली आईशी किती छान बोलतेस, असं कौतुकही केलं.

चार वाजता मी ऑफिसात असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेहुण्याला विचारलं. त्याने शांतपणे फाइल काढली. त्यात परवानगीपत्र, तीन तारखेचं, खाली माझी सही. माझ्या रेकॉर्डिंगवरून त्याने माझा आवाज बनवलाय. प्रोग्राम आपणहून फोन लावतो, आपणहून बोलतो. जवळच्या माणसाला किती दिवसांत संशय येतो ते बघायचं, मग हे मोठ्या गिऱ्हाइकांना विकायचं. मुदतीची जागा कोरी.

वाचल्याशिवाय सही करू नका, हे लोकांना शिकवून मी पोट भरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आईला अजून एकदाही संशय आलेला नाही, हे मेहुण्याने अभिमानाने सांगितलं. मास्तरांनाही सगळं ठाऊक होतं. ज्यांच्या पाया पडून मी नोकरी धरली, त्यांना.

थांबवा म्हटलं. मेहुणा म्हणाला, नियमाप्रमाणे फोन कर. पलीकडच्या खोलीत जाऊन मी फोन केला. आवाज जुळला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फोन थांबलेले नाहीत. मेहुणा म्हणाला, शुक्रवारी सकाळी तूच फोन करून चालू ठेवायला सांगितलंस, आवाज जुळला.

मी फोन केला नव्हता.

हे ऐकून मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यासमोर वायर उपटली, डिस्क काढून माझ्या हातात दिली. मला त्यांची दया आली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डिस्क माझ्या पर्समध्ये आहे. चार ते पाच आईचा फोन व्यस्त. पूर्ण तासभर —

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आईला गाठलं. सांगितलं, रोज बोलते ती मी नाही. आई म्हणाली, तिने बजावलंच होतं, कोणीतरी माझ्या लेकीच्या आवाजात फोन करेल. खूणही सांगितली होती — फोन करणारी घाईत असेल.

मग म्हणाली, शुक्रवारी लेक मला न्यायला येणार आहे. कायमची. सामान बांधून झालंय.

तिने फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आईने माझा नंबर बंद केलाय. काकू उचलत नाहीत. ऑफिसला कुलूप. मास्तर — मेहुणा — दोघांचेही फोन बंद. न्यायला येणार म्हणजे कोण येणार? आवाजाला पाय कुठून —

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आईच्या दारात, जिन्यावर बसून लिहितेय. हात कामात असले की ओरडत नाही मी.

दार वाजवलं. हाका मारल्या. आतून आई म्हणाली, काल मी तुला काय सांगितलं ते सांग, मग उघडते.

काल. मला काय माहीत? महिनाभरात मी तिचं काही — आठवून पाहिलं, गेल्या वर्षी तरी ती काय म्हणाली होती, काहीच —

रडले. आई म्हणाली, माझी लेक रडत नाही, ऐकून घेते.

चार वाजले.

जिन्यावर कोणीतरी चढतंय. सावकाश. खालच्या वळणावर थांबलं. उत्तर देतंय, माझ्या आवाजात, मी आईशी कधीच बोलले नाही इतक्या मायेने. आई म्हणतेय, हो गं, बरोबर, हेच सांगितलं होतं मी —

कडी निघतेय. आई, नको, मी इथे आहे, मीच —